अनादऱ्याहून नक्की तलावापर्यंत पायी: एका दिवसात जमेल का?

राजमहाल_रोड यांचा प्रश्न

नमस्कार. डिसेंबरच्या मध्यास आम्ही चौघे बडोद्याहून माउंट आबूला जाण्याचे ठरवीत आहोत. बडोद्यातल्या मराठी घरांना आबू नवे नाही. शाळेची सहल, लग्नानंतरची पहिली सहल आणि दिवाळीच्या सुट्टीत घाटात मोटारींच्या रांगेत काढलेले तास, असे सर्व प्रकार आमच्याही घरात होऊन गेले आहेत. या वेळी मात्र वाहनाने वर न जाता डोंगराच्या पायथ्यापासून जंगलातल्या वाटेने चढावे, दिवसभर चालावे आणि अंधार पडण्याच्या आत नक्की तलावाच्या काठी गावात पोहोचावे, अशी इच्छा आहे.

चौकशी केली तेव्हा तीन वाटांची नावे कानावर आली. पहिली आबू रोडजवळच्या ऋषिकेश मंदिराच्या बाजूने चढते, दुसरी गोमुखाच्या दिशेने जाते आणि तिसरी डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी असलेल्या अनादरा गावातून निघते. पहिल्या दोन वाटा आबू रोड स्थानकाला सोयीच्या आहेत, तर अनादऱ्याला जाण्यासाठी डोंगराला वळसा घालावा लागतो. त्यामुळे साहजिकच माझा कल ऋषिकेशच्या वाटेकडे आहे. तरीही प्रत्यक्ष चढून गेलेल्यांचे मत वेगळे असेल, तर ते कारणांसह वाचायला आवडेल.

आमच्यात मी व पत्नी पंचेचाळिशीच्या पुढचे, मुलगी महाविद्यालयात शिकणारी आणि माझे मामा सदुसष्ट वर्षांचे आहेत. मामा रोपवेकडे ढुंकूनही न पाहता चांपानेरपासून पायी पावागड चढतात, आणि त्यांना ‘तुम्ही गाडीने या’ असे सांगण्याची आमच्यापैकी कोणाचीही प्राज्ञा नाही. तेव्हा वाट कोणती धरावी, निघावे केव्हा, वनखात्याची परवानगी लागते का, अस्वलांच्या ज्या गोष्टी ऐकू येतात त्यांत तथ्य किती, आणि या वयात मामांना नेणे शहाणपणाचे ठरेल का, एवढे माझे प्रश्न आहेत. खाण्याबद्दल विचारत नाही. दशम्या, लीलो चिवडो आणि गूळ-शेंगदाणे यांवर आमचे घर ठाम आहे.

घाटवाट यांचे उत्तर

वाट निवडताना तुम्ही स्थानकापासूनचे अंतर पाहत आहात. मी तुमच्या जागी असतो तर ऊन कोणत्या बाजूला केव्हा येते ते आधी पाहिले असते, आणि त्या हिशेबाने अनादऱ्याचीच वाट धरली असती.

आबूचा डोंगर मुख्य अरवलीपासून सुटा उभा आहे आणि दोहोंच्या मधून पश्चिम बनास नदी वाहते. आबू रोड, ऋषिकेशचे मंदिर आणि मोटाररस्ता हे सर्व नदीच्या, म्हणजे पूर्वेच्या अंगाला येते. त्या बाजूने चढणाऱ्याच्या पाठीवर सूर्य उगवल्यापासून ऊन असते आणि चढाचा सर्वांत दमवणारा भाग नेमका दहा-अकराच्या सुमारास वाट्याला येतो. अनादऱ्याच्या बाजूचे गणित उलटे आहे. डिसेंबरात आबूला सूर्योदय सव्वासातच्या आसपास होतो, पण डोंगर स्वतःच आड येत असल्यामुळे पश्चिमेच्या उतारावर त्यानंतरही बराच वेळ सावली टिकून राहते. साडेसातला गाव सोडले तर चढाचा मोठा वाटा गारव्यात उरकतो. मात्र दुपारनंतर हाच उतार समोरून ऊन घेतो आणि उघडा कातळ तापू लागतो, त्यामुळे चहा-नाश्ता करून आरामात दहाला निघू, ही चैन या वाटेवर परवडत नाही. पूर्वेच्या वाटेवर उशिरा निघालेला माणूस फक्त उशिरा पोहोचतो. इथे तो भाजून निघतो.

दुसरे कारण असे की, आबूवर जाण्याचा जुना हमरस्ता हाच आहे. १८४५ साली सिरोहीच्या रावांनी डोंगरावरची जागा इंग्रजांना आरोग्यधामासाठी दिली, आणि पुढे राजपुतान्यातल्या गव्हर्नर जनरलच्या एजंटाचा, म्हणजे तिथल्या संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचा, उन्हाळी मुक्काम तेथे पडू लागला. त्या काळी डीशाच्या छावणीतले आजारी सैनिक, टपाल, सामानाने लादलेली जनावरे आणि पालख्या, असा बराचसा राबता अनादऱ्याहूनच वर जात असे. १८८०-८१च्या सुमारास अहमदाबादहून अजमेरकडे जाणारा मीटरगेज लोहमार्ग डोंगराच्या पूर्वेने गेला, खराडी गावापाशी आबू रोड स्थानक उभे राहिले, आणि अनादऱ्याचे महत्त्व पाहता पाहता ओसरले. डोंगरावर जी जागा आज ‘हनिमून पॉइंट’ म्हणून टॅक्सीवाले दाखवतात, तिचेच दुसरे नाव अनादरा पॉइंट आहे. लोक तेथे उभे राहून खाली दिसणाऱ्या मैदानाचे छायाचित्र घेतात आणि पाच मिनिटांत गाडीत बसतात. आपण ज्या कठड्याला टेकलो आहोत त्याच्याच बाजूने पूर्वीचा सगळा आबू वर चढत असे, याची बहुतेकांना कल्पना नसते.

आता वाटेबद्दल. अनादरा हे सिरोही जिल्ह्याच्या रेवदर तहसिलीतले गाव आहे. गावाबाहेर पडल्यावर आधी शेते, बाभळी आणि थोराची कुंपणे लागतात, आणि डोंगराचा पाय सुरू होताच झाडे बदलतात. खालच्या उतारावर खैर, धावडा आणि सालई आहेत. डिसेंबरात सालईची झाडे निष्पर्ण असतात आणि धावड्याची उरलीसुरली पाने तांबूस झालेली असतात, म्हणून या टप्प्यात जंगल विरळ वाटते. जसजसे वर जावे तसतशी करवंदाची जाळी दाट होत जाते, मग शिंदी, बांबू, जांभूळ आणि आंबा दिसू लागतात, आणि अखेरच्या टप्प्यात सावली इतकी भरते की आपण राजस्थानात आहोत यावर विश्वास बसत नाही. हा फरक पावसाने केला आहे. आबूच्या माथ्यावर वर्षाला सरासरी सुमारे १५०० मिलिमीटर पाऊस पडतो; पायथ्याला त्याचा एक अंश पोहोचतो.

जुन्या वाटेवर अजूनही मधूनमधून दगड बसवलेले दिसतात. काही ठिकाणी ते इतके झिजले आहेत की मधोमध उथळ खळगा पडला आहे, आणि काही ठिकाणी झाडांच्या मुळांनी ते उचलून आडवे टाकले आहेत. दगड असलेल्या भागात पाऊल नीट पडते. त्रास होतो तो दगड वाहून गेलेल्या भागात. हा सगळा डोंगर ग्रॅनाइटचा आहे, आणि ग्रॅनाइट झिजला की त्याची भरड वाळू होते. कातळावर या वाळूचा पातळ थर पसरलेला असला की बूट कितीही चांगला असो, पाय सरकतो. चढताना तोल पुढे असल्यामुळे त्याचे फारसे काही वाटत नाही, पण उतरताना तो थर घात करतो. ही वाट चढण्यासाठी घ्यावी, उतरण्यासाठी घेऊ नये, असे मला वाटते.

उंचीचा हिशेब असा: पायथा समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटरांवर आणि गाव बाराशेच्या आसपास, म्हणजे चढ अंदाजे नऊशे मीटरांचा. चांपानेरपासून पावागडचा माथा सातशे मीटरांच्या आत भरतो. त्यात माचीपर्यंत रस्ता, पुढे बांधीव पायऱ्या आणि दर वळणावर लिंबू-सरबत आहे. येथे यातले काहीही नाही. गिरिभ्रमण करणारे लोक वेळेचा ढोबळ अंदाज काढताना सपाटीवरच्या दर पाच किलोमीटरांना एक तास धरतात आणि चढाच्या दर सहाशे मीटरांना आणखी एक तास मिळवतात. सराव नसलेल्या कुटुंबाने आलेल्या आकड्याची सरळ दुप्पट करावी. साडेसातला निघून थांबत, खात, पाहत चढलात, तर एक-दीडपर्यंत अनादरा पॉइंटवर असाल, आणि तेथून तलाव दोनेक किलोमीटरांवर आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, विषयाला थोडी सोडून आहे. आबू रोड तालुका १९५० ते १९५६ या काळात मुंबई राज्यात होता, आणि बडोदे संस्थान १९४९ सालीच त्या राज्यात विलीन झाले होते. म्हणजे ती काही वर्षे बडोदेकर आबूला गेले, तरी राज्याबाहेर गेले असे होत नसे. आता अमीरगढची सीमा ओलांडल्यावर रात्री पार्टीची सामग्री शोधत हिंडणाऱ्या आपल्या गुजरातच्या गाड्या पाहिल्या, की १ नोव्हेंबर १९५६ रोजी तालुका राजस्थानात गेला ते एका परीने त्यांच्या पथ्यावरच पडले असे म्हणावे लागते.

रानपाखरू यांचे उत्तर

वाटेबद्दल घाटवाट यांनी लिहिलेच आहे. परवानगी आणि अस्वले यांबद्दल मी लिहितो, कारण या दोन्ही बाबतींत लोक एकतर फार घाबरतात नाहीतर फार निर्धास्त असतात.

माउंट आबूचे जंगल १९६० पासून अभयारण्य आहे आणि २००९ साली भोवतालचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात मोकळेपणी शिरता येत नाही, आणि पर्यटनासाठी प्रवेश द्यायचा तर तो कलम २८ खालच्या परवान्याने दिला जातो. गावातले लोक त्या वाटेने ये-जा करतात म्हणून आपल्यालाही मुभा आहे, असा समज करून घेऊ नये. त्यांचे हक्क वेगळे, आपले वेगळे. माउंट आबूच्या उपवनसंरक्षक (वन्यजीव) कार्यालयाकडे आधीच अर्ज करावा आणि त्यात वाटेचे नाव, दिवस, माणसांची संख्या स्पष्ट लिहून ओळखपत्रांच्या प्रती जोडाव्यात. ‘अभयारण्य पाहायचे आहे’ एवढेच लिहिले, तर तुम्हाला ट्रेव्हर टँक या पर्यटकांच्या नेहमीच्या तळ्याचे तिकीट हाती देऊन वाटेला लावतील आणि त्यात त्यांची चूक नसेल. सोबत वनखात्याने मान्य केलेला वाटाड्या घ्या. त्याचा उपयोग केवळ वाट दाखवण्यापुरता नाही. त्या आठवड्यात अस्वल कोणत्या ओढ्याला उतरते आहे, हे त्याला ठाऊक असते.

अस्वलांच्या गोष्टी खऱ्या आहेत. आबूच्या बाजारात रात्री कचऱ्याच्या डब्यापाशी अस्वल येते, हॉटेलांच्या मागच्या अंगणात येते, आणि लोक मोबाइल काढून त्याच्या मागे धावतात, हे अतिशय वाईट आहे. कचऱ्याला चटावलेले अस्वल जंगलातल्या अस्वलापेक्षा जास्त धोक्याचे असते. तुमच्या वाटेवर जे असेल ते जंगलातले. त्याची नजर आणि कान फारसे तीक्ष्ण नसतात, सारी मदार नाकावर असते, आणि वाळवीच्या वारुळात तोंड खुपसून ते जेव्हा फुंकत आणि ओढत असते तेव्हा त्याला दुसरे काही कळत नाही. माणूस अशा वेळी वीस पावलांवर अचानक उगवला, की पळण्याऐवजी ते अंगावर येते. म्हणून चौघांनी एकत्र, आपसात नेहमीच्या आवाजात बोलत चालावे. जंगलात शांतता राखावी, हा नियम इथे थोडा सैल करा. उजाडण्यापूर्वी आणि संध्याकाळी पाचनंतर वाटेवर असू नये. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दाट झाडीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारून येते.

आणखी एक गोष्ट सांगतो, तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. हिवाळा हा मादीने पिल्ले घालण्याचा काळ असतो आणि ती त्यासाठी कातळातल्या कपारी निवडते. आबूच्या ग्रॅनाइटला अशा कपारी पावलोपावली आहेत. सावली बरी दिसते म्हणून कुठल्याही गुहेत डबा उघडून बसू नका, आणि मुलीला आत डोकावून छायाचित्र घेऊ देऊ नका. बसायचे तर उघड्या, सगळीकडून दिसणाऱ्या जागी बसा. वारूळ उकरलेले दिसले तर जवळ जाऊन माती पाहावी: कडेची माती ओलसर आणि मोकळी असेल, नख्यांच्या समांतर रेघा धारदार असतील आणि वाळवी अजून सैरावैरा धावत असेल, तर उकरणारा फार लांब गेलेला नाही. माती सुकून रेघांच्या कडा बोथट झाल्या असतील तर तुमच्या मुलीला दाखवण्यासारखी ती चांगली वस्तू आहे.

कड्यांना आग्या मोहोळे असतात. वाटाड्याने थांबू नका म्हटले तर थांबू नये. अत्तर, सुगंधी तेल त्या दिवशी वर्ज्य. विडी-सिगारेट आणि चहासाठी चूल या दोन्ही गोष्टी अभयारण्यात कायद्याने निषिद्ध आहेतच, पण त्यामागचे कारण आबूला प्रत्यक्ष दिसले आहे. एप्रिल २०१७ मध्ये डोंगराला लागलेली आग विझवण्यासाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना नक्की तलावातून पाणी उचलावे लागले होते. सुकलेले गवत आणि घाणेरीची जाळी यांनी वाळक्या सरपणाचा थरच त्या उतारांवर रचून ठेवला आहे. घाणेरी हा आबूचा मोठा रोग आहे. मूळची झुडपे मारून ती पसरते आणि काही ठिकाणी वाटही बुजवते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

पक्षी पाहणारे कोणी असेल तर हिरव्या मुनियेचे नाव लक्षात ठेवा. जगात फक्त भारतात आढळणारा हा चिमुकला पक्षी आबूला अजून बऱ्यापैकी दिसतो, पण अनादऱ्याच्या वाटेवर त्याची आशा धरू नका. त्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी ओरिया आणि गुरुशिखराच्या बाजूच्या शेतांच्या कडेने हिंडावे.

फतेगंज_फिरस्ता यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांबद्दल आदर आहे, पण मामांच्या प्रश्नाला कोणीच थेट हात घातलेला नाही. मी रोज वयस्कर लोकांचे गुडघे आणि कंबरा पाहतो, म्हणून तो भाग मी लिहितो.

सदुसष्टाव्या वर्षी पावागड चढणाऱ्या माणसाला नऊशे मीटरांचा चढ झेपेल का, हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. बहुधा झेपेल. खरा प्रश्न असा की, अर्ध्या वाटेवर त्यांना नाही झेपले तर काय करणार? पावागडावर दमलेला माणूस पायरीवर बसतो, सरबत पितो आणि फारच झाले तर माचीवर येऊन खाली जाणारी गाडी धरतो. अनादऱ्याच्या वाटेवर मध्येच थांबलेल्या माणसाला दोनच पर्याय उरतात: वर जाणे किंवा आला त्याच वाटेने खाली जाणे. आणि खाली जाणे म्हणजे त्याच भरड वाळूवरून, थकलेल्या मांड्यांनी. चढताना दम लागतो, पण गुडघ्याची वाट लागते ती उतरताना, कारण दर पावलाला शरीराचा भार अडवून धरण्याचे काम मांडीच्या पुढच्या स्नायूंवर पडते आणि ते थकले की तो भार सांध्यावर येतो. म्हणजे ज्याला चढ झेपत नाही, त्यालाच तुम्ही त्याहून कठीण काम सांगता.

माझा सल्ला असा की, परत फिरण्याची जागा आणि वेळ घरी बसूनच ठरवा आणि ती मामांच्या तोंडून वदवून घ्या. वाटाड्याला विचारून चढाचा साधारण तिसरा हिस्सा कुठे संपतो ते समजून घ्यावे. तेथे दहापर्यंत मामा मजेत, गप्पा मारत पोहोचले तर पुढे जावे. बोलताना वाक्य मध्येच तुटत असेल, घोट्यात किंवा गुडघ्यात कळ येत असेल, तर तेथून खाली उतरणे अजून सोपे असते आणि ऊनही चढलेले नसते. त्याच्या पुढे गेल्यावर मात्र परतीचा विचार मनातून काढून टाकावा आणि सावकाश का होईना, वरच जावे. गाडी अनादऱ्यात दहा-साडेदहापर्यंत थांबवून ठेवा. त्याचे चार पैसे जास्त पडले तरी चालतील.

आणि हो, रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तीत लघवी वाढवणारे औषध आहे का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. अशी माणसे थंडीत पाणी कमी पितात आणि दुपारी पायात गोळे येतात. या वाटेवर डिसेंबरात पाण्याचा भरवसा धरू नये. माणशी तीन लिटर पाणी पाठीवर हवेच, आणि मामांचे पाणी तरुण मंडळींनी वाहावे. दोन्ही हातांत काठ्या घ्यायला ते लाजतील. त्यांना सांगा की काठीमुळे गुडघ्यावरचा भार हातांत जातो, वय त्यात येत नाही.

घाटवाट यांचे उत्तर

फिरस्ता यांचे म्हणणे मला मान्य आहे, एक बारीकसा फरक सोडून. तिसऱ्या हिश्शापर्यंतचा चढ त्या वाटेवर सौम्य आहे. अंगावर येणारा चढ त्याच्या पुढे सुरू होतो. तेव्हा तेथे ‘मजेत’ पोहोचणे ही कसोटी मामांच्या बाबतीत फसवी ठरू शकते. त्याऐवजी येत्या पंधरवड्यात त्यांना पावागडावर पायऱ्या सोडून चांपानेरच्या बाजूच्या जुन्या दगडी वाटेने, पाठीवर चार किलो वजन देऊन, माचीपर्यंत चढवा आणि त्याच दिवशी पायीच उतरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पलंगावरून कसे उठतात, ते पाहून ठरवा. घरी घेतलेली ही परीक्षा डोंगरात घेतलेल्या परीक्षेपेक्षा बरी.

राजमहाल_रोड

सर्वांचे मनापासून आभार. ऋषिकेशची वाट मी यादीतून काढली आहे. मामांना तिन्ही उत्तरे वाचून दाखवली. पावागडच्या परीक्षेला ते आनंदाने तयार झाले, काठ्यांना मात्र त्यांनी नाके मुरडली. पण ‘गुडघ्यावरचा भार’ हे शब्द त्यांच्या मनात बसलेले दिसतात, कारण काल संध्याकाळी खंडेराव मार्केटकडून येताना त्यांनी स्वतःच काठीच्या किमतीची चौकशी केली. परवानगीचा अर्ज या आठवड्यात पाठवीत आहोत.

आता फक्त व्यवस्थेचा प्रश्न उरतो. आदल्या रात्री मुक्काम अनादऱ्याला करावा की आबू रोडला? आणि दोन दिवसांच्या कपड्यांच्या पिशव्या पाठीवर घेऊन चढणे शक्य नाही, तर त्यांचे काय करावे?

रानपाखरू यांचे उत्तर

मुक्काम आबू रोडला करा. बडोद्याहून राणकपूर किंवा सूर्यनगरी यांसारखी गाडी अहमदाबाद, मेहसाणा, पालनपूर मार्गे थेट आबू रोडला नेते, स्थानकाजवळ राहण्याची सोय होते, आणि पहाटे तेथून रेवदरच्या बाजूने वळसा घालून अनादऱ्याला जाता येते. टॅक्सी आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवा, कारण पहाटे स्थानकावर उभे असलेले सर्वजण घाटाने वर जाणारे गिऱ्हाईक शोधत असतात आणि अनादरा म्हटले की परतीचे रिकामे भाडे तुमच्याच अंगावर टाकतात.

हे परतीचे भाडे वसूल करण्याचा उपाय तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे. टॅक्सी पूर्ण दिवसासाठी घ्या. ती तुम्हाला अनादऱ्याला सोडेल, फिरस्ता यांनी सांगितल्याप्रमाणे साडेदहापर्यंत गावात थांबेल, आणि मामा खाली आले तर त्यांना, नाही आले तर नुसत्या पिशव्यांना घेऊन आबू रोडवरून घाटाने वर जाईल. प्रवेशनाक्यावर प्रवासी कर भरावा लागतो, त्याचे पैसे चालकाजवळ आधीच देऊन ठेवा. दुपारी एकपासून त्याला अनादरा पॉइंटच्या गाडीतळावर उभे राहायला सांगा. तुम्ही वर आलात तेव्हा पाय बरे असतील तर गाडी पुढे पाठवून तलावापर्यंत चालत जा. नसतील तर बसा. डोंगरात मोबाइलचा भरवसा नाही, म्हणून निरोपाऐवजी वेळ ठरवा: चार वाजेपर्यंत तुम्ही वर दिसला नाहीत तर चालकाने वनखात्याच्या कार्यालयात जाऊन कळवावे, आणि त्या कार्यालयाचा पत्ता त्याच्याजवळ कागदावर लिहून द्या.

तलावाच्या काठी पोहोचल्यावर नौकेच्या रांगेत लगेच उभे राहू नका. गांधी घाटाच्या बाजूला पायऱ्यांवर बसा. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी महात्माजींच्या अस्थींचा काही भाग येथे विसर्जित झाला, तेव्हापासून त्या घाटाला हे नाव आहे. सूर्य खाली गेला की गारठा झपाट्याने उतरतो आणि घामाने भिजलेले कपडे अंगावरच असतात, म्हणून एक कोरडा बनियन आणि लोकरीची टोपी पाठीवरच्या पिशवीत असू द्या. डिसेंबरच्या रात्री तेथे पारा कधी कधी शून्याच्या आसपास जातो.

दुसऱ्या दिवशी ओरियाची पक्ष्यांची फेरी आटोपून परत येताना दिलवाडा वाटेतच पडते. १०३१ सालची विमलवसही आणि १२३० सालची लूणवसही ही दोन मंदिरे पाहायला मामांना घाई करू नका. पर्यटकांसाठी ती दुपारी बारानंतरच उघडतात, तेव्हा सकाळी तेथे जाऊन दाराशी ताटकळण्यात अर्थ नाही. आत छायाचित्रण चालत नाही आणि चामड्याच्या वस्तू नेता येत नाहीत, म्हणून पट्टा व पाकीट टॅक्सीतच ठेवा. संध्याकाळच्या गाडीसाठी दिलवाड्याहून चारच्या आत निघा. घाट अठ्ठावीस किलोमीटरांचा आहे, आणि शनिवार-रविवार असेल तर वर येणाऱ्या गाड्यांनी तो अर्धा व्यापलेला असतो. स्थानकावर वेळ उरला तर आबू रोडची रबडी घ्या, पण बडोद्यापर्यंत बांधून नेऊ नका.